कंपनी

आमच्या वाडीत ‘कंपनी’ हे एका माणसाचं नाव आहे. वय तिशीच्या बरंच पुढे, अंगाने किडकिडीत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, वर इस्त्रीचा फिकट निळा शर्ट आणि खाली चौकड्यांची लुंगी. ‘कंपनी उठली का?’, ‘कंपनी आगरात गेलीय’, ‘कंपनीला कालपासून कणकण आहे’ अशी वाक्यं इथे सर्रास बोलली जातात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एकदा पावसाळ्यात पऱ्या ओलांडताना त्याचा पाय घसरला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. ‘कंपनी बुडाली’ ही बातमी राजापूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचली, तेव्हा तिथे चहा पीत बसलेल्या पतपेढीच्या एका एजंटाने कप खाली ठेवून ‘कुठली? कुठली?’ अशी चौकशी सुरू केली होती.

त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. ते मीच लिहिलेलं आहे, कारण चौथीपर्यंत तो माझ्या हाताखाली होता. पुढे राजापूरला हायस्कूल, रत्नागिरीला बारावी, पुण्याला इंजिनिअरिंग आणि मग हिंजवडी, असा कोकणातल्या हुशार पोरांच्या ठरल्या वाटेने तो गेला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, येताना बाकरवडी आणायचा. म्हणजे रीतसर चाकरमानी होता. चाकरमान्याला गावात मान असतो, कारण तो येतो, खर्च करतो आणि मुख्य म्हणजे परत जातो. हा २०२० साली आला तो परत गेलाच नाही. तिथून त्याचा भाव उतरायला लागला.

२५ मार्चला एकवीस दिवसांची म्हणून लागलेली टाळेबंदी वाढत गेली, तशी पुण्याच्या भाड्याच्या खोलीत तो आणि त्याचा लॅपटॉप एकमेकांची तोंडं बघून कंटाळले. मे महिन्यात ई-पास काढून तो गावी आला. त्या वेळी बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस शाळेत काढावे लागत. माझ्याच जुन्या वर्गात, माझ्याच जुन्या टेबलावर त्याने दुकान मांडलं. आई डबा फाटकाबाहेर ठेवून लांबूनच विचारायची, ‘आज शाळेत काय शिकवलं?’ शाळा मार्चमध्ये एकाएकी बंद झालेली, त्यामुळे मागच्या फळ्यावर तारीख, सुविचार आणि कोपऱ्यात ‘पट ३१, हजर २८’ हे सगळं तसंच होतं. पहिल्याच व्हिडिओ मीटिंगमध्ये न्यू जर्सीच्या साहेबाला काही ते वाचता आलं नाही, पण टीम लीड लखनौचा. त्याने आकडे वाचले आणि तो समजला की एकतीस तक्रारींपैकी अठ्ठावीस निकालात निघाल्या. त्याने विचारलं, ‘उरलेल्या तीन?’ कंपनीने सवयीने सांगून टाकलं, ‘आज संध्याकाळपर्यंत होतील.’

चौदा दिवसांनी तो घरी आला आणि खरा त्रास तिथे सुरू झाला. आमच्याकडे घरात दिसणारा पुरुष रिकामा असतो. तो झोपाळ्यावर असो नाहीतर लॅपटॉपसमोर, त्याचे हात दिसले की त्यात काहीतरी द्यायचं, हा अलिखित कायदा आहे. ‘बसलायस तर एवढे नारळ सोल’ असं आई म्हणायची. ‘बसलायस तर गुरं आत घाल’ हे काका. शेजारची वहिनी जरा अदबीची, ती म्हणायची, ‘बसलायत तर बाळाकडे लक्ष ठेवा हं, मी विहिरीवर जाऊन येते.’ त्याचं काम बसूनच करायचं असतं हे पटवण्यात वर्ष गेलं. एकदा वडिलांनी त्याला समोर बसवून सविस्तर विचारलं. मी तिथेच होतो.

‘तू काम म्हणजे काय करतोस?’

‘अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो.’

‘सांभाळतोस म्हणजे?’

‘त्यात चूक निघाली की दुरुस्त करतो.’

‘आणि नाही निघाली तर?’

‘तर निघेपर्यंत बसतो.’

‘म्हणजे बसतोस,’ वडील म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

वास्तविक गावात घरून काम करणारा हा पहिला नव्हे. पोस्टाच्या शाखा डाकपालाला कचेरीची जागा स्वतःची द्यावी लागते, त्यामुळे कोकणातली कितीतरी पोस्टं मास्तरांच्या पडवीतच चालली. आमच्या तात्यांचंही तसंच. एका बाजूला सूप भरून कोकमं सुकत, दुसऱ्या बाजूला मनिऑर्डरचे फॉर्म, आणि मधे तात्या उघड्या अंगाने. पण तात्यांना कधी कुणी ‘बसलायत तर’ म्हटलं नाही. बाहेर लाल पेटी होती, आत शिक्का होता, आणि तात्या तो असा दणकन मारत की समोरच्या घरातलं मूल दचकून उठे. आवाज झाला की काम झालं, असं लोक धरून चालतात. कंपनीच्या कामाला आवाज नाही.

सरकारचं मतही आमच्या वाडीपेक्षा फार वेगळं नव्हतं. कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना माणूस घरून कामाला लावायचा तर दूरसंचार खात्याकडे बँक गॅरंटी ठेवायची अट होती. ती कायमची उठली नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे घरात बसलेल्या माणसावर विश्वास ठेवायला दिल्लीला महामारी यावी लागली. कंपनीच्या आईला त्याहून जरा जास्त वेळ लागला, इतकंच.

उपाय सापडला तो अचानक. कसलातरी नंबर बघायला म्हणून त्याने बॅगेतलं हिंजवडीचं ओळखपत्र काढलं, फीत गळ्यात अडकवली आणि काढायची विसरला. आई नारळ घेऊन आली, तिने गळ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता नारळासकट परत गेली. मग त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून पट्टा गळ्यात असला की तो ऑफिसात, खुंटीवर असला की घरात. जेवायला उठताना खुंटीवर, आंचवून आला की गळ्यात. वाडीतली पोरं खिडकीतून आधी त्याचा गळा बघतात.

‘पट्टा हाय काय रे?’

‘हाय.’

‘मग मागनं येऊ.’

एकदा पट्ट्यासकट तो देवळात गेला तर गुरवाने हात आखडता घेतला. ‘कामावर हायस न्हवं? सुटलास की ये, तीर्थ कुठं पळून जात नाय.’

हे झालं घरचं. पण घरच्यांचा विश्वास बसला तोवर ऑफिसचा उडाला. पहिल्या वर्षी साहेबमंडळी म्हणत, घरून काम दुप्पट होतं. दुसऱ्या वर्षी त्यांना शंका यायला लागली, की हा नक्की तिथे आहे ना? त्याच्या कॉम्प्युटरवर ‘टीम्स’ म्हणून जे असतं, त्यात नावाशेजारी हिरवा ठिपका असतो. पाचेक मिनिटं काही हललं नाही की तो पिवळा होतो. पिवळा झाला की टीम लीडचा निरोप येतो, ‘आर यू देअर?’ आता माणूस विचार करतो तेव्हा हलत नाही. डोक्याचं काम करणाऱ्याला हात हलवून हजेरी द्यायला लावणं ही कुणाची कल्पना होती कोण जाणे. पुढे पुढे कंपनी विचार करताना माऊस गोल गोल फिरवायला शिकला, आणि मग विचार कमी आणि फिरवणं जास्त असं व्हायला लागलं.

आणि माणसाला परसाकडेही जावं लागतं. आंब्याला मोहोर आला की फवारणीवाल्याला टाकी दाखवायला आगरात उतरावं लागतं. तेवढ्यापुरती त्याने आईला माऊसवर बसवली. आईने एका हातात जपमाळ घेतली, एका हातात माऊस. एक मणी, एक हिसका. एकशे आठ मणी संपेपर्यंत ठिपक्याची काय बिशाद पिवळा व्हायची! त्या महिन्यात टीममध्ये सगळ्यात जास्त वेळ हिरवं राहिल्याबद्दल त्याचं नाव मीटिंगमध्ये घेतलं गेलं.

आईचा हा कारभार बंद पडला तो एका अंगठ्यापायी. तो आगरात असताना पडद्यावर साहेबाचा निरोप आला. आईचा हिसका चुकीच्या जागी पडला आणि निरोपाखाली अंगठ्याचं चित्र उमटलं. निरोपात विचारलं होतं, ‘आज रात्री बदल चालू करायचे ना?’ रात्री बदल चालू झाले. पहाटेपर्यंत विमा कंपनीच्या काही ग्राहकांना मागच्या वर्षीचे हप्ते नव्याने भरण्याच्या नोटिसा गेल्या होत्या. कंपनीने दोन रात्री जागून ते निस्तरलं आणि तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला, ‘आई, तू अंगठा दिलास.’ आई भयंकर दुखावली. ‘मी सातवी पास आहे,’ ती म्हणाली. ‘आजवर तलाठ्याकडेसुद्धा सही केलीय. मी कशाला अंगठा देईन?’

तर असं आहे. घरच्यांसाठी पट्टा, ऑफिससाठी ठिपका, आणि या दोन हजेऱ्यांमधून जो वेळ उरेल त्यात तो काम करतो.

पण काम करायला नेट लागतं. आमच्या तालुक्यात न सांगता यायचं आणि न सांगता जायचं हा मान पूर्वी एकट्या राजापूरच्या गंगेचा होता. मोबाइलच्या रेंजने तो वाटून घेतला. घरात रेंज यायची ती फक्त माळ्यावर, तीही पश्चिमेच्या कौलाला डोकं लावून उभं राहिल्यास. म्हणून पहिलं वर्ष तो सकाळच्या मीटिंगला सड्यावर जायचा. डोक्यावर छत्री, मांडीवर लॅपटॉप, खाली जांभ्याचा कातळ. आमच्याकडच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं आणि जनावरं कोरून ठेवली आहेत. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा आहे की जवळ उभं राहिलं तर हत्ती आहे हेच कळत नाही. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा गावाला कळलं की आपण इतकी वर्षं त्यांवर गवताचे भारे ठेवत होतो. कंपनी अशाच एका कोरीव माशाच्या शेपटीवर बसायचा, कारण रेंजच्या दोन काड्या तिथेच यायच्या. एकदा मी सहज म्हटलं, हे कुणी कोरलं आणि कशासाठी, अजून उलगडत नाही. तो म्हणाला, ‘गुरुजी, आमच्याकडे रोज हेच होतं. काम चोख केलं, पण डॉक्युमेंटेशन केलं नाही, आणि माणसं सोडून गेली.’

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, खांब आडवे झाले, वाडी कित्येक दिवस अंधारात होती. त्या दिवसांत तो राजापुरात मावसभावाच्या भुसारी दुकानात, गुळाच्या ढेपांमागे बसून काम करायचा. येणारं गिऱ्हाईक त्यालाच शेंगदाण्याचा भाव विचारायचं आणि तो सांगायचाही. वादळानंतर गावात फायबर आलं. पोफळीवरून पोफळीवर, तिथून फणसावर, फणसावरून त्याच्या पडवीत. महिनाभर नेट असं धावलं की कंपनीने सड्याला राम राम ठोकला. मग वांदरांना ती केबल सापडली.

वांदरांचा त्रास कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. ती नारळ पाडतात, फणस फोडतात, कौलं सरकवतात आणि त्यातून वेळ उरला की झोके घेतात. फायबर बारीक, काळी आणि ताणलेली. एका दुपारी म्होरक्याने फणसावरून तिच्यावर उडी टाकली आणि विमा कंपनीचं न्यू जर्सीतलं एक अख्खं खातं ठप्प झालं. कंपनीने कळवलं, ‘माकडांमुळे जोडणी तुटली.’ साहेबाने हसून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. साहेब हसला नाही. तिसऱ्या वेळेला त्याने पुरावा मागितला. आता वांदर काही फोटोसाठी थांबत नाही. कंपनी दोन दिवस फणसाखाली मोबाइल धरून बसला, त्या दोन दिवसांत एकही वांदर आलं नाही. शेवटी काकांच्या नातवाने एक लांबून काढलेला फोटो दिला, त्यात शेपटी होती आणि केबल होती, मधलं जनावर फांदीआड होतं. तो जोडून कंपनीने रीतसर अहवाल पाठवला. त्याची मराठी प्रत त्याने मला वाचून दाखवली: ‘मूळ कारण: वानर. तातडीचा उपाय: फटाके. कायमस्वरूपी उपाय: विचाराधीन. जबाबदार व्यक्ती: निश्चित करता आली नाही.’ अमेरिकेत तो अहवाल इतका गाजला म्हणतात, की तिथल्या एका बाईने पुढची चार वर्षं दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर म्होरक्याची खुशाली विचारली.

घड्याळाची एक वेगळीच कटकट आहे. न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात, आणि सात म्हणजे तुळशीपाशी दिवा लावायची वेळ. आईने ते मान्य केलं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे ढकलते, त्यामुळे त्याची मीटिंग हिवाळ्यात सातवरून आठवर जाते, म्हणजे नेमकी जेवणावर. वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘घड्याळ हलवून मिळतं काय?’ तो म्हणाला, ‘उजेड वाचतो.’ तेवढ्यात लाईट गेले. अंधारातून वडिलांचा आवाज आला, ‘हां, म्हणजे इथला जातो तो तिकडे वाचतो.’

वडील २०२२ च्या पावसात गेले. शेवटचे चार-पाच महिने अंथरुणावरच होते. कंपनीने टेबल माजघरात, त्यांच्या खाटेला लावून घेतलं होतं. एका हाताने कीबोर्ड, दुसऱ्या हाताने पेज. हिंजवडीत असता तर अपरात्री फोन आल्यावर गाडी पकडून, अणुस्कुऱ्याचा घाट उतरून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. आमच्या पिढीतल्या बहुतेक चाकरमान्यांचं तसंच झालं. याचं झालं नाही. वडिलांना पाणी हवं असलं तरी ते आधी त्याच्या गळ्याकडे बघत आणि पट्टा दिसला की थांबत. हे त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी त्याने पट्टा काढून खुंटीवर टाकला आणि पुढचे तीन आठवडे घातला नाही. ऑफिसात त्या काळात तो हिरवाच दिसत होता. जपमाळ पुन्हा सुरू झाली होती.

लग्नाचं मात्र जमत नाही. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘घरी असतो’ हे उत्तर कुठल्याही मुलीच्या बापाला पचत नाही. पगार पुण्याचा आणि राहणं गावाला, हे आईला अभिमानाने सांगावंसं वाटतं, पण मुलींना हे उलटं हवंय: राहणं पुण्याचं असावं, पगाराचं बघून घेऊ. लांज्याच्या एका मुलीने थेट विचारलं, ‘तुम्ही दिवसभर घरात असणार?’ तो म्हणाला, ‘हो.’ तिने नकार कळवला. मला त्या मुलीचं चुकलं असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला खुपते. ऑफिसातल्या माणसांची आठवण त्याला फारशी येत नाही, पण निंदेची येते. साहेबाची निंदा करायला समोर माणूस लागतो, कँटीनचा वाईट चहा लागतो. टीम्सवर निंदा करता येत नाही, कारण ती नोंदली जाते. म्हणून रात्री मीटिंग संपली की तो माझ्या ओटीवर येऊन निंदा करतो. मी न पाहिलेल्या माणसांच्या बढत्या, लबाड्या आणि भानगडी मला आता तोंडपाठ आहेत. यंदा बढती मिळाली ती ऑफिसला नियमित जाणाऱ्या एका मुलाला; त्याचं काम यथातथाच, पण तो लिफ्टमध्ये साहेबाला भेटतो. आमच्या ओटीला लिफ्ट नाही.

गावाला मात्र कंपनीचा उपयोग पुरता कळला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं ॲप सुरू झालं आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो चढवायचा असं ठरलं. वाडीतल्या अर्ध्या शेतकऱ्यांच्या वतीने शेतात उभा राहतो तो कंपनी, दुपारच्या सुट्टीत, पट्टा खिशात घालून. आधारची दुरुस्ती, पेन्शनचा हयातीचा दाखला, बारावीच्या पोरांचे प्रवेश अर्ज, सगळं त्याच्या पडवीत. गणपतीच्या रेल्वेचं बुकिंग सकाळी आठला उघडतं आणि बघता बघता संपतं. मुंबईचे भाऊबंद आदल्या रात्री त्याला फोन करतात, ‘तू घरीच असतोस ना, आमची चार तिकिटं काढून ठेव.’ मुंबईत फोर-जी की फाइव्ह-जी काय ते आहे, आणि तिकीट काढायचं वांदरांच्या केबलवरून!

मधल्या काळात तो एका भीतीने वाळला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या तीनशे जणांना काढल्याचं पेपरात आलं. कंपनी आगरातले आंबे ऑफिसातल्या लोकांना पेटीने विकायचा. ते जोडकाम धरलं तर? मी त्याला म्हटलं, बाबा रे, कोकणात एका नोकरीवर जगलेला माणूस मला दाखव. मी मास्तर होतो, शेती करायचो, विम्याच्या पॉलिसी काढायचो आणि नमनात संकासुर व्हायचो. एकानेही मला काढून टाकलं नाही. पण त्याचं समाधान झालं नाही. त्या वर्षी त्याने आंबे फुकट वाटले. साहेबांनी ते आवडीने खाल्ले.

आणि मग पत्र आलंच. आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीत हजर राहावं. कारण दिलं होतं, ‘समोरासमोर भेटल्याने आपलेपणा वाढतो.’ त्याच्या टीममधला एक जण हैदराबादला, एक लखनौला, तिघं न्यू जर्सीत. म्हणजे हिंजवडीत तासभर ट्रॅफिकमध्ये उभं राहून, बिल्डिंगमध्ये शिरून तो पुन्हा त्याच चौकोनांत त्याच माणसांना भेटणार. ऑफिस घरापर्यंत न्यावं ही कल्पना जॅक निलेस या अमेरिकन इंजिनिअरने १९७३ च्या सुमाराला मांडली, तीही माणसांचं रोजचं गाडीने जाणं-येणं वाचावं म्हणून. कंपनीने हा इतिहास खुलाशात लिहिला. उत्तर आलं, ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.’

आईने मग देवाला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं ते मी स्वतः ऐकलं.

‘बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकराला त्येची कंपनी माघारी बोलवत आसंल, तर त्या सायबाच्या मनात चांगली बुद्दी घाल रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘तितं येचारात जी कोण बाई बसली आसंल, तिची नजर ह्याच्यावरनं पल्याड जाऊ दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आनी रेंज हाय ती ऱ्हाऊ दे, नाय ती येऊ दे रे म्हाराजा!’

या शेवटच्याला ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यात मोठ्याने झालं. कौल उजवा मिळाला. येचारमधल्या बाईने दोन महिन्यांची मुदत दिली. गुरव म्हणतो ती देवाने दिली, कंपनी म्हणतो तिमाही संपत नव्हती म्हणून मिळाली.

त्या दोन महिन्यांत १५ ऑगस्टची ग्रामसभा आली. आयत्या वेळच्या विषयांत काकांनी हात वर केला आणि कंपनीला कंपनीने पुण्याला नेऊ नये असा ठराव मांडला. ग्रामसेवकाला हे वाक्य तीनदा समजावून सांगावं लागलं. एका म्हाताऱ्याने शंका काढली, ‘पन त्यो घरात करतो काय?’ सभेत कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘ते मला माहीत नाही, पण गळ्यात पट्टा असतो.’ ठराव सर्वानुमते मंजूर झाला. कागद होतोच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून सरपंचबाईंनी त्याच ठरावात ‘ब’ करून वाडीच्या जळक्या ट्रान्सफॉर्मरचा विषय घातला. इंग्रजी तर्जुमा अर्थात कंपनीनेच टाइप केला, पट्टा काढून, कारण हे घरचं काम होतं. प्रती तिघांना गेल्या: कंपनीचं पुण्याचं ऑफिस, तहसील कचेरी आणि वीजवाले.

पुण्याहून अजून काही कळलेलं नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र महिन्याभरात बदलून मिळाला.